लांबी अधिक रुंदी

९ फेब्रुवारी

आज एक बाई घरी आल्या आणि त्यांनी माझी चित्रं मोजली. पाहिली नाहीत, मोजली. पर्समधून शिंप्याकडे असते तशी टेप काढली, एकेक कॅनव्हास भिंतीला टेकवायला लावला, आणि लांबी-रुंदी फोनमध्ये टिपत गेल्या. मी मध्येच म्हणालो, "हे जरा लांबून बघा, या निळ्यासाठी अख्खा हिवाळा घालवलाय मी." त्या म्हणाल्या, "हो का? छान. ते टोक धरता जरा?" मी धरलं.

बाई शहरातल्या एका मोठ्या गॅलरीच्या मालकीण आहेत. त्यांच्या दातांच्या डॉक्टरकडे माझं एक चित्र टांगलेलं आहे. दाढ काढताना वर बघत पडल्या होत्या, तेव्हा ते त्यांच्या नजरेत भरलं. म्हणजे जन्मभर शाळेत पोरांना चित्रकला शिकवून, सुट्टीच्या दिवशी रंगांत हात घालून, आता निवृत्त झाल्यावर माझा शोध लागला तो कुणाच्या तरी दाढदुखीमुळे. तक्रार नाही. उशिरा का होईना, कुणी दार तर वाजवलं.

बाई गेल्यावर बायको म्हणाली, "या टेपबाई चित्रं नेणार आहेत की पडदे शिवून देणार आहेत?" तिला सगळ्याचीच थट्टा सुचते.

१२ फेब्रुवारी

टेपबाईंच्या ऑफिसात गेलो होतो. पांढऱ्या भिंती, पांढरं टेबल, आणि पांढऱ्या कपात इतकीशी कॉफी. त्यांनी मला किमतीचं गणित समजावलं. लांबी अधिक रुंदी, गुणिले तुमचा आकडा. प्रत्येक चित्रकाराचा एक आकडा असतो म्हणे. नवख्याचा लहान, नावाजलेल्याचा मोठा. एका मापाच्या सगळ्या चित्रांची किंमत एकच.

मी विचारलं, "आणि चांगलं-वाईट?"

"चांगलं आधी जातं, वाईट नंतर. किंमत तीच," त्या म्हणाल्या. "एक स्वस्त ठेवलं तर गिऱ्हाईक विचारतं, हे स्वस्त का? यात खोट आहे का? मग त्याला महागाबद्दलही शंका यायला लागते. म्हणून टेप बरी. टेपशी कुणी वाद घालत नाही."

आणि आकडा फक्त वर जातो. खाली आणायचा नसतो. खाली आला की माणूस संपला.

मला हे सगळं इतकं खुळचट वाटलं की हसू दाबावं लागलं. बसमध्ये बसल्यावर मात्र मी घरातल्या सगळ्या चित्रांचा हिशेब मनातल्या मनात केला आणि उतरायचा थांबा चुकला.

करारात एकच अट कडक आहे. घरून चित्र विकायचं नाही, कुणाला भेटही द्यायचं नाही. मी सही करताना म्हणालो, "बाई, फुकट द्यायला निघालो तरी आजवर कुणी घेत नव्हतं." त्या हसल्या नाहीत.

२० फेब्रुवारी

टेपबाईंनी विचारलं, जुनं काही आहे का? घरगुती, ज्याच्यामागे काही गोष्ट आहे असं? मला एकदम ताईकडचं आईचं चित्र आठवलं.

ते मी तरुणपणी ताईच्या स्वयंपाकघरात काढलं होतं. कॅनव्हासला पैसे नव्हते, म्हणून मोडक्या कपाटाच्या पाठीची फळी कापून घेतली होती. आई टेबलाशी बसून सुईत दोरा ओवते आहे. मान तिरकी, एक डोळा बारीक, जिभेचं टोक ओठांत. सारखी म्हणत होती, "आटप रे, बटण लावायचंय मला." चित्र जेमतेम पुस्तकाएवढं. त्यानंतर मी पुष्कळ काढलं, पण तसं नाही. हे मला कुणी सांगायला नको.

फोनमधला फोटो दाखवला तेव्हा टेपबाईंनी पहिल्यांदाच एखादं चित्र बोटांनी मोठं करून नीट पाहिलं. मी चटकन माप सांगितलं. हिशेब केला तर आई माझ्या 'ढग' नावाच्या मोठ्या चित्राच्या किमतीच्या आठव्या हिश्श्याला भरली. आणि ते ढग मी नुसती भिंत भरायला काढले होते. माझा चेहरा पडला असणार.

"याला टेप लावायची नाही," त्या म्हणाल्या. "हे लिलावात जाईल."

गॅलरी सांगते ती किंमत गॅलरीची, असं त्यांचं म्हणणं. लिलावात निघते ती किंमत जगाची. ती छापून येते, कुणालाही बघता येते. लिलावाचे पैसे गॅलरीचे, पण एक लिलाव चांगला गेला की माझा आकडा तिप्पट. पण त्यासाठी चित्र कुणाच्या तरी घरातून आलेलं हवं, रंग वाळायचे आहेत असं नको.

माझा आकडा तिप्पट. आज जेवण गेलं नाही, आनंदानेच.

२५ फेब्रुवारी

ताईकडे जाऊन आलो. ती एकटीच असते. भाऊजी गेल्यापासून स्वयंपाकघरातच तिचा दिवस जातो. आई शेवटची सगळी वर्षं तिच्याकडेच होती. चित्र फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या जागेत असतं.

मी म्हणालो, "ताई, हे मला दे. बदल्यात तुला 'ढग' देतो. किमतीने आठपट आहे."

"एवढं मोठं घेऊन मी काय करू? ओट्यावर पसरू?"

"तुला समजत नाही, ताई. त्याची किंमत..."

"मला आई हवीय. ढग बाहेर आहेत की."

मग मी खरं ते बोललो. म्हणालो, सगळं आयुष्य पोरांच्या वह्यांवर आंबे, झोपड्या तपासण्यात गेलं. माझ्याबरोबरचे कुठल्या कुठे पोहोचले. एकदाच संधी आली आहे आणि ती या एवढ्याशा फळीवर अडली आहे. माझा आवाज चिरकला, त्याची लाज वाटते. ताई पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली. मग तिने स्वतःच स्टुलावर चढून चित्र उतरवलं. मला चढू दिलं नाही.

"आईचे फोटो आहेत म्हणा माझ्याकडे," ती म्हणाली. "पण सगळ्यांत ती फोटो काढतात म्हणून बसलीय."

मी म्हणालो, चांगल्या घरी जाईल, आपण दोघं बघायला जाऊ. 

"नक्की नेशील ना?"

"नक्की."

ताई समजूतदार आहे. वयामुळे थोडी हळवी झाली आहे इतकंच.

८ मार्च

टेपबाईंची परवानगी काढून 'ढग' ताईकडे पोहोचते केले. स्वयंपाकघरात मावले नाहीत. बाहेरच्या खोलीत कपाट सरकवून लावले, तरी कोपरा खिडकीवर येतोच. शेजारीण डोकावली आणि विचारती झाली, "भिंतीला ओल आली होती का हो?"

ताई म्हणाली, "छान आहे. थंड वाटतं." 

तीन महिने घातले होते मी त्यात. थंड वाटतं म्हणे.

२ एप्रिल

लिलावाआधी चित्रं बघायला ठेवतात, तिथे गेलो. आईला काळी रुंद फ्रेम घातली आहे, वरून दिवा सोडला आहे. बाजूला छापील मजकूर. 'कलावंताच्या मातेचे दुर्मीळ व्यक्तिचित्र, खाजगी संग्रहातून.' खाजगी संग्रह म्हणजे ताईचा फ्रिज. पुढे असंही लिहिलं आहे की चित्रकाराने अनेक दशकं दारिद्र्यात आणि एकांतात साधना केली. बायकोने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "एकांतात? मग तुमचे रंगाचे शर्ट भिजत कोण घालत होतं?"

एक म्हातारा चित्रासमोर बराच वेळ उभा होता. कोट जुना, बुटांच्या टाचा झिजलेल्या. चष्मा कपाळावर चढवून अगदी नाक लावून बघत होता. पहारेकरी म्हणाला, कालही आला होता. मी चित्रकार आहे हे कळल्यावर जवळ येऊन त्याने विचारलं, "दोरा गेला का शेवटी?"

मी म्हणालो, "ते महत्त्वाचं नाही. उजेड बघा." 

तो म्हणाला, "हो, उजेडही आहे." आणि पुन्हा दोऱ्याकडेच बघायला लागला. असले हौशी लोक येतात, गर्दी करतात आणि जातात. घेणारे वेगळे असतात, ते असे ताटकळत उभे राहत नाहीत.

४ एप्रिल

आज लिलाव झाला.

आमची पाळी आली तेव्हा दालन अर्धं रिकामं होतं. पहिली बोली त्या म्हाताऱ्याने लावली. मला हसू आलं. मग बाहेरच्या गिऱ्हाइकांची बोली फोनवर ऐकून लावणाऱ्या मुलीने हात वर केला. तिच्या फोनवर कुणीतरी मोठा माणूस होता, नाव गुप्त. म्हातारा पुन्हा वर. फोन त्याच्या वर. बाकी कुणी बोलेना, हे दोघंच चढत गेले. म्हाताऱ्याने एकदा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाटी वर केली. मला त्याचा रागच यायला लागला, झेपत नसताना उगीच मध्ये लुडबुड कशाला? शेवटी त्याने लिलाववाल्याकडे बघून मान हलवली आणि नंबरची पाटी मांडीवर पालथी ठेवली. हातोडा पडला. आमच्या राहत्या घराची निम्मी किंमत येईल, इतकी रक्कम. माझ्या आईची. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला आहे.

बिचाऱ्या टेपबाईंना मात्र यातलं काही बघायला मिळालं नाही. नेमका त्यांना तेव्हाच फोन आला. दाराच्या काचेतून दिसत होत्या, व्हरांड्यात पाठमोऱ्या, फोन कानाला. हातोडा पडला आणि मग आत आल्या. मी म्हणालो, "काय हे, नेमका त्याच वेळी फोन यावा तुम्हाला." 

"कामं असतात हो," त्या म्हणाल्या. चेहरा लाल झाला होता. माझ्यासाठी इतका आनंद झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

कुणी घेतलं असेल? डोळे मिटले की एक शांत खोली दिसते आणि संध्याकाळी दमून आलेला कुणी माणूस आईसमोर येऊन बसतो.

१९ एप्रिल

आकडा तिप्पट झाला. पेपरात फोटो आला. शाळेतला तो गणिताचा मास्तर, जो मला 'रंगारी' म्हणायचा, त्याने फोन करून अहो-जाहो केलं. 

जूनमध्ये माझं एकट्याचं प्रदर्शन ठरलं आहे. मी आता मोठ्या कॅनव्हासवर काम करतो. दाराइतक्या, कधी त्याहून मोठ्या. बायको म्हणते, "आभाळच काढत जा तुम्ही, लांबी-रुंदीला तोटा नाही." काल मी खरंच आभाळ काढत होतो, म्हणून ते जास्त लागलं.

ताईचा फोन आला होता. "कोणी घेतलं रे? बघायला कधी जायचं?" मी म्हणालो, मोठी माणसं असतात, वेळ घेऊन जावं लागतं. तिने आधीच साडी काढून ठेवली आहे म्हणे. ताईला हे जग कळत नाही.

६ मे

टेपबाईंना विचारलं, ज्यांनी घेतलं त्यांच्याकडे पाच मिनिटं जाता येईल का? त्या म्हणाल्या, ते बाहेरदेशी असतात.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मग एक कर. मला छोटंसं दुसरं काढून दे. तसंच नको, नुसते हात आले तरी चालतील."

मी बावळटासारखं टेपबाईंना विचारायला गेलो. त्यांचा आवाजच बदलला. "प्रत? ते चित्र एकच आहे म्हणून त्याला ती किंमत आहे. जगात दुसरं दिसलं तर आपण दोघंही रस्त्यावर येऊ. डोकं फिरलंय का तुमचं?"

तरी दुपारी दार लावून एका पुठ्ठ्यावर प्रयत्न केला. सुई आली, बोटं आली, तिरकी मानही आली. आई आली नाही. पुठ्ठा फाडून टाकला आणि ताईला कळवलं की हात आता पूर्वीसारखा चालत नाही. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. आभाळ काढायला चालतो हात, ते कसं सांगू?

२८ मे

टेपबाईंनी गोदामात बोलावलं होतं. प्रदर्शनातल्या चार-पाच चित्रांवर माझी सही राहिली होती आणि सहीशिवाय चित्राला भाव नाही. गोदाम शहराबाहेर हमरस्त्याला लागून आहे. आत खिडकी नाही, गारवा ठेवणारं मशीन घरघरत असतं, आणि रॅकवर लाकडी पेट्या पुस्तकांसारख्या उभ्या करून ठेवलेल्या. ब्रश पुसायला फडकं शोधत होतो, तेव्हा खालच्या रॅकवर एक पातळ पेटी दिसली. तिच्यावर लिलावाचा नंबर चिकटवलेला होता. तो नंबर मी जन्मात विसरणार नाही. त्या दिवशीचा कागद मी पाकिटात घालून फिरतो आहे.

टेपबाईंना म्हणालो, "हे इथे कसं?"

त्यांनी डोळ्याची पापणीही हलवली नाही. "आपणच घेतलं. दुसरं कोण घेणार होतं? पडून राहिलं असतं तर तुमची बाकीची सगळी चित्रं रद्दीत गेली असती. लिलाववाल्यांचं कमिशन तेवढं गेलं, बाकी या खिशातून त्या खिशात."

व्हरांडा, पाठमोरी बाई, कानाला फोन. मी स्वतः तिची कीव केली होती.

"आणि तो म्हातारा? तोही तुमचाच?"

"नाही हो. तो खरा होता. एकट्याने बोली चढवता येत नाही, समोर कुणीतरी लागतं. देवासारखा धावून आला. नंतर विचारायलाही आला होता, कुणी विकणार असेल तर कळवा म्हणून."

"मग द्यायचं होतं त्याला."

"त्याच्या ऐपतीला दिलं असतं तर तुमचा आकडा आज निम्मा असता." त्या माझ्याशी चिडून नाही, समजुतीने बोलत होत्या. "किंमत म्हणजे काय? शेवटच्या माणसाने उच्चारलेली रक्कम. तो माणूस कोण होता, हे कुणी विचारत नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

मी म्हणालो, मला विकत द्या. त्या म्हणाल्या, "घ्या ना. त्याच किमतीला. कमी केली की बोभाटा होतो." माझी चित्रं तिप्पट झाली आहेत खरी, पण तिप्पट झाल्यापासून एकच विकलं गेलं आहे, आणि आता ते कुणी घेतलं हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

"निदान पेटी उघडा. एकदा बघतो."

"सील तोडलं की पुन्हा तपासणी, पुन्हा कागद. दोन-तीन वर्षांत परत लिलावाला काढू, तेव्हा बघालच की."

त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी तो प्यायलो. मग सह्या केल्या. सगळ्या चित्रांवर, खाली उजव्या कोपऱ्यात, व्यवस्थित.

३० मे

पेपरवाल्यांना सांगता येईल. माझा फोटो छापला होता, हेही छापतील. मग टेपबाई बुडतील आणि त्यांच्या गळ्यात गळा घालून मी. पुन्हा रंगारी. सकाळी फोन उचलला होता, खाली ठेवला. दुपारी पुन्हा उचलला.

त्या म्हाताऱ्याचाही पत्ता मिळवता येईल. पण मिळवून त्याला सांगू काय? की तुम्ही हरलात ते मला मोठं करायला, आणि मी तुमच्या बुटांकडे बघून हसत होतो?

बायकोने विचारलं, काय झालंय. पोट बिघडलंय म्हणालो. तिने थट्टा केली नाही. ती थट्टा करत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

९ जून

प्रदर्शन उघडलं. गर्दी बरी होती. टेपबाई प्रत्येकाला लिलावाची रक्कम सांगत होत्या, आणि रक्कम ऐकली की लोक वळून माझ्या आभाळांकडे पुन्हा बघत होते. पहिल्यांदा बघताना जे दिसलं नव्हतं ते त्यांना दुसऱ्यांदा दिसत होतं. मी हात जोडून उभा होतो. अभिनंदन, अभिनंदन. तोंड कडू झालं होतं, तरी हसत होतो. सवय लवकर लागते.

ताई आली. ती काढून ठेवलेली साडी नेसून, काठी टेकत. मी येऊ नकोस म्हणालो होतो, जिने आहेत म्हणून. प्रत्येक आभाळापुढे उभी राहिली आणि प्रत्येकाला "छान आहे" म्हणाली. मग बाकावर बसली आणि मला शेजारी बसवून घेतलं.

"त्यांनी कुठे लावलंय रे आईला?"

मी तयारी केली नव्हती. तरी तोंडातून सरळ निघालं, जसं काही मी तिथे जाऊन आलो होतो. म्हणालो, एक म्हातारा माणूस आहे, एकटाच असतो. त्याने बसायच्या खोलीत लावलंय, खुर्चीच्या अगदी समोर. चष्मा वर करून बघत बसतो.

"त्याला आवडलंय?"

"फार. दोरा गेला का, विचारत होता."

ताई हसली. डोळे पुसले. लोक आमच्याकडे बघत होते. टेपबाईही बघत होत्या, कुणाला तरी हळूच सांगत होत्या, ही त्यांची बहीण, चित्र हिच्याकडेच होतं.

मला वाटलं, संपलं. पण ताईने माझा हात धरला. "त्याला माझा एक निरोप दे. ऊन येतं तिथे लावू नका म्हणावं. शेवटी शेवटी तिला ऊन अजिबात सोसायचं नाही. मी दिवसभर पडदे ओढून ठेवायचे."

मी म्हणालो, "काळजी करू नकोस ताई. तिथे अजिबात ऊन येत नाही."

आज मी खरं बोललो ते एवढं एकच वाक्य.

ताईचा जीव भांड्यात पडला. माझ्या हातावर थोपटत म्हणाली, "मग बरं. चांगली माणसं मिळाली तिला."